कातडीखालची साखर

ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये भिंतीवर घड्याळ होतं, पण ते बघायची गरज क्वचितच पडे. वीजकेंद्राचा भोंगा झाला की रस्त्यावर सायकलींचा लोंढा सुरू होई, घंट्या वाजत, आणि थोड्या वेळाने स्टाफची बस कोपऱ्यावर येऊन धापा टाकत उभी राही. मागे चोवीस तास केंद्राची घरघर. ती इतकी अंगवळणी पडलेली की सुटीत आजोळी गेलं की कानांना काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं. मधूनच जादा वाफ सोडत. तेव्हा असा काही आवाज व्हायचा की बोलणारा माणूस वाक्य तोंडातच धरून थांबे आणि आवाज ओसरला की तिथूनच पुढे बोलू लागे. पाहुणे घाबरत, आम्ही हसायचो. दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय घडी करायचे नाहीत ही सवय घरातल्या सगळ्यांना होती, कारण राखेची बारीक भुकटी कुठूनही येऊन बसे. आज मी नागपुरात चौथ्या मजल्यावर राहते, तरी टॉवेल दोनदा झटकते. सून गालातल्या गालात हसते, मी तिला हसू देते.

बाबा बॉयलरवर होते. ते मूलजवळच्या एका खेड्यातले, आई शेजारच्या गावची. दोघांनीही लहानपणी दुसऱ्यांच्या भातशेतात, धानाच्या बांध्यांत, रोवणी केलेली. घरी कांडलेला लालसर भात, सकाळी आंबील, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी आणि गुळाचा काळा चहा, एवढंच आईच्या वाट्याला आलेलं. क्वार्टरची किल्ली हातात आली त्याच दिवशी तिने ठरवलं असावं की यातलं काही आपल्या लेकीच्या ताटात येऊ द्यायचं नाही. मग घरात मोगऱ्यासारखा पांढरा तांदूळ आला, डालड्याचा डबा आला आणि साखर आली. चहा दिवसभर होई आणि तो असा गोड असे की ओठाला ओठ चिकटत. कोणी म्हटलं, बाई, साखर जरा कमी टाका, तर आई म्हणे, "गुळाचा चहा लहानपणी पोटभर पेली मी. आता साखरेचाच पिईन." तिच्या लेखी साखर ही खायची वस्तू नव्हती, ती आम्ही कुठून निघून कुठे पोचलो त्याची खूण होती. आई अंगाने भरली. हात गोल झाले, गाल वर आले. गावाकडच्या बायका आल्या की कौतुकाने म्हणत, "तुह्यी तब्येत सुधरली वं बाई!" त्या काळी आमच्यात तब्येत सुधारणं म्हणजे जाड होणं. आई लाजायची, पण तिला ते आवडायचं. मलाही आवडायचं. तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की उशी लागत नसे.

तिच्या हाताला चव होती. आमच्या भागात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. थंडीत बाजारात सांबाराच्या हिरव्यागार जुड्यांचे ढीग लागले की आमच्या घरी सांबारवडीचा घाणा सुरू होई. बेसनाची पातळ पारी, तिच्यात तीळ, खसखस आणि सुकं खोबरं घालून परतलेला सांबार, मग घडी घालून तेलात सोडायची. ती तळताना चर्र आवाज होई आणि क्वार्टरच्या सगळ्या रांगेला वास जाई. शेजारच्या बोरकुटेकाकू ओट्यापाशी उभ्या राहून ताटलीतली पहिलीच वडी उचलत, तोंडात टाकत आणि "हाय हाय, चटका बसला" करत नाचत. काकू कुणब्यांच्या, मोठ्या घरच्या. आई कढी ढवळता ढवळता त्यांच्याकडे पाहत राही. ज्या गावात ती वाढली तिथे तिच्या हातचं पाणीसुद्धा कोणी घेत नव्हतं. मला हे तेव्हा कोणी सांगितलं नाही, पण आईच्या त्या पाहण्यात काहीतरी आहे हे मला कळत असे. दर हिवाळ्यात कॉलनीतल्या बायका मैदानावर आनंद मेळा भरवत, त्यात सांबारवडीचा स्टॉल आईचा. त्यासमोरची रांग सगळ्यांत लांब.

मी अकरावीत गेले त्या वर्षी आईच्या कोपरावर एक लाल चट्टा उठला. त्यावर पांढरट, चांदीसारखे पापुद्रे. मासळीच्या खवल्यांसारखे ते गळत आणि पलंगाच्या चादरीवर दिसत. आधी तिने कपड्यांच्या पावडरला दोष दिला. मग करंजीचं तेल झालं, कडुलिंबाचा पाला झाला. चट्टा दुसऱ्या कोपरावर गेला, बोटांच्या सांध्यांवर आला, कपाळावर केसांच्या कडेने उतरला. बाजारातल्या एका डॉक्टरने इंजेक्शन दिलं आणि जादू व्हावी तसं सगळं स्वच्छ झालं. आईने त्या आनंदात शिरा केला. पण थोड्याच दिवसांत चट्टे परत आले, आधीपेक्षा मोठे आणि लालभडक. त्याच सुमारास तिला तहान फार लागू लागली. भाजी निवडतानाही बाजूला पाण्याचा गडवा असे. दुपारी बसल्या जागी तिचा डोळा लागे. आणि मान काळी पडली होती. नुसती सावळी नव्हे, मखमलीवर धूळ बसावी तशी जाड, काळी. आई न्हाणीघरात वजरीच्या दगडाने ती घासघासून लाल करी. "मळ बसला बाई, निघतच नाई," म्हणे. मीही एकदा डाळीचं पीठ लावून घासून दिली. आज ते आठवलं की हात आखडतात, पण आम्हाला कोणालाच काही ठाऊक नव्हतं.

कॉलनीत कुजबुज सुरू झाली. आमच्या जिल्ह्यात कातडीवर चट्टा म्हटलं की लोकांच्या मनात एकच शब्द येई, महारोग. तो मोठ्याने कोणी उच्चारत नसे. त्या रोगाची माणसं गावाबाहेर गेलेली प्रत्येकाने लहानपणी पाहिलेली. आनंद मेळ्याच्या आठवडाभर आधी बोरकुटेकाकू आल्या. एरवी त्या थेट ओट्यापाशी येत, त्या दिवशी दारातल्या खुर्चीवर टेकल्या.

"रामटेकेबाई, यंदा तुमी कुपनावर बसा. तेवढाच तुमाले आराम."

"आराम कायले?" आई म्हणाली. "मी थकली थोडीच."

काकूंची नजर आईच्या बोटांवर गेली आणि लगेच खिडकीकडे वळली. "तसं नाई बाई... लोकं बोलून राह्यले ना. उद्या कोणी खाल्लंच नाई, तर तुमालेच वाईट वाटंल."

आईने पदर बोटांवर ओढून घेतला. मग म्हणाली, "बसते कुपनावर." काकूंनी चहा घेतला नाही. घरी काम आहे म्हणाल्या.

मेळ्यात आई लांब बाह्यांचं ब्लाऊज घालून, पदर हातांवर ओढून कुपनं फाडत बसली. वड्या दुसऱ्या बायकांनी केल्या. त्या तेलात फुटत होत्या. लोक विचारत, "रामटेकेबाईच्या हातच्या नाई का यंदा?" आणि आई हसून सुटे पैसे परत देई. ते हसू मला बघवत नव्हतं, म्हणून मी मैत्रिणींबरोबर पाळण्याकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बाबा रात्रपाळी करून सकाळी घरी आले. चहा मागितला आणि पितापिता त्यांचं लक्ष खिडकीच्या कट्ट्यावर गेलं. तिथे एक कप, एक ताटली आणि एक गडवा वेगळा मांडून ठेवला होता.

"हे वेगळं काऊन ठेवलं वं?"

"माहं हाये," आई माझ्याकडे बघून म्हणाली. "विशूले लागू नाई म्हणून."

बाबा उभेच राहिले. गावातल्या चहाच्या टपरीबाहेर आमच्या लोकांसाठी खिळ्याला लटकवलेल्या कपांची गोष्ट त्यांनी मला पुष्कळ पुढे सांगितली. त्या सकाळी ते एवढंच म्हणाले, "याच्यातून एकदा सुटलो आपण." मग कट्ट्यावरच्या कपात आईचा अर्धा राहिलेला थंड चहा होता, तो त्यांनी उचलला आणि पिऊन टाकला. आई "आवो, आवो" करत धावली. बाबांनी कप धुतला आणि आमच्या कपांच्या रांगेत नेऊन ठेवला. "या घरात कोणाचा कप वेगळा राहणार नाई. उद्या तुह्या भावाकडे जाऊ, गडचिरोलीले. तिथी चांगली डॉक्टरीण आली म्हणते तो. इथी तुले कोणी पाहीन म्हणून लाज वाटते ना? मंग तिथी कोण पाहते?"

एसटीने आम्ही तिघं निघालो. मूलच्या पुढे दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, मध्येच कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, आणि वैनगंगेचा तो लांब पूल. आईने आख्ख्या प्रवासात खिडकीची जागा सोडली नाही आणि हात पदराखालून बाहेर काढले नाहीत. मामा तहसील कचेरीत कारकून होता. तो स्टँडवरून सरळ दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. पांढरं सुती पातळ, केसांचा घट्ट अंबाडा, आणि बोलणं जरा खडूस. त्यांनी आईचे हात स्वतःच्या हातात घेतले. हातमोजे नाहीत, काही नाही. आई इतकी दचकली की हात मागे ओढू लागली. "असू द्या," त्या म्हणाल्या. "डोळे मिटा. मी कापूस कुठे लावते ते सांगा." आई सांगत गेली. इथी. इथी. अंगठ्यापाशी. कोपरावर. एकही जागा चुकली नाही. मग त्यांनी काचेच्या पट्टीच्या कडेने एक पापुद्रा अलगद खरवडला, खाली रक्ताचे बारीक ठिपके आले.

"हा महारोग नाही, त्यात चट्टा बधिर असतो. याला सोरायसिस म्हणतात. कोणाला लागत नाही. शिवून नाही, एका ताटात जेवून नाही."

आईने डोळे उघडले. "माह्या हातचं खाल्लं त चालते?"

"काय करता तुम्ही चांगलं?"

"सांबारवडी."

"मग पुढच्या खेपेला मला घेऊन या."

आईच्या डोळ्यांना धार लागली. बाबा भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचू लागले. मला वाटलं काम झालं, आता निघायचं. पण डॉक्टरीणबाईंनी आईला पाठमोरं बसवलं आणि मानेवरचा पदर बाजूला केला. "हे कशाने घासता?" आई म्हणाली, वजरीने. "घासू नका. हा मळ नाहीच, तर निघणार कसा? हे आतून आलेलं आहे. तहान लागते? पायात गोळे येतात? थकवा?" आई प्रत्येक प्रश्नाला मान हलवत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला, जणू कोणी आमच्या घरात राहून सगळं पाहिलं होतं.

त्यांनी लघवी तपासली, आमच्यासमोरच. काचेच्या नळीत निळंशार औषध, त्यात ड्रॉपरने थेंब, आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर. आधी निळं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं नारिंगी, आणि शेवटी विटेसारखं लाल होऊन खाली साका बसला. मी शाळेत प्रयोगशाळा पाहिली होती, पण असा प्रयोग नव्हता पाहिला. आई त्या नळीकडे बघत म्हणाली, "हे माह्या आंगातून निघालं?"

"साखर आहे ती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचे चट्टे आणि तुमची साखर, या दोघी सख्ख्या बहिणी नाहीत, पण एकीचं दुसरीच्या घरी येणंजाणं फार. वाढलेलं वजन, साखर आणि हे चट्टे मी पुष्कळांत एकत्र पाहिलेत. कोण कोणाला बोलावतं ते नक्की सांगता येणार नाही मला. पण एकीला आवर घातला की दुसरी बरेचदा नमतं घेते. आणि ते इंजेक्शन पुन्हा टोचून घेऊ नका. त्याने चट्टा तेवढ्यापुरता दबतो, मग दुप्पट उसळतो, आणि साखर वर चढते ती वेगळीच."

"मंग हे पुरं जाईन ना?" बाबांनी विचारलं.

"नाही. खोटं सांगणार नाही. येईल, जाईल. पण आवाक्यात राहील."

आता माझे स्वतःचे डॉक्टर संगणकावर चित्र दाखवून सांगतात की कातडी, पोटावरची चरबी, साखर, हृदय या सगळ्यांच्या मुळाशी आतला दाह असतो, तो एका जागी पेटला की दुसरीकडेही झळ लागते. मी मान डोलावते. मला हे त्या दिवशी गडचिरोलीत स्पिरिटच्या दिव्यावर कळलं होतं, फक्त शब्द वेगळे होते.

गोळ्या, एक मलम आणि खाण्यापिण्याची ताकीद घेऊन आम्ही घरी आलो, आणि खरी लढाई तिथे सुरू झाली. भात मूठभर, ज्वारीची भाकर, भाज्या, जवस, ताक. डालडा बंद, साखर बंद. आई रुसली. "एवढं कमावून मी पुन्हा गरिबीचंच खाऊ?" म्हणाली. बाबा म्हणाले, "गरिबीचं नाई वं, आपल्या घरचं आहे ते." आणि त्यांनी स्वतःच्या चहातली साखर त्याच दिवशी सोडली. पहिला फिका चहा आम्ही तिघांनी औषधासारखा प्यायला. बाबांचं तोंड असं झालं की आई रुसवा विसरून हसली. हळूहळू गावाकडून कांडलेला तांदूळ येऊ लागला, मडक्यात आंबील आंबू लागली. जवस भाजताना जो खमंग, तेलकट वास येतो तो मला त्या वर्षीच ओळखीचा झाला. आईच्या हाताची चव काही साखरेत नव्हती, हे तिचं तिलाच नव्याने कळत होतं. अंबाडीची भाजी तिने अशी केली की बाबा पातेलं पुसून खात.

मलम डांबराचं होतं, दगडी कोळशातून निघणारं. त्याचा वास घरभर पसरे. दुपारी बाबा ते आईच्या कोपरांना चोळून देत आणि म्हणत, "जन्मभर कोळसा जाळून राह्यलो, आता बायकोले लावून राह्यलो." आई त्यांना ढकलून देई. मी दोघांकडे न पाहता पुस्तकात डोकं घाली.

शिवाय फिरायचं होतं. आमच्या कॉलनीत तोवर बाई चाले ती कुठेतरी जायला. काही काम नसताना, हातात पिशवी नसताना, नुसतं चालायचं ही गोष्ट कोणाला माहीत नव्हती. बाबांनी चंद्रपूरच्या बाजारातून पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. पातळाखाली बूट घालून आई सकाळी फाटकाबाहेर पडली तेव्हा समोरच्या गॅलरीत दोन बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. आई कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेले. नंतर तिला सोबतीची गरज उरली नाही. उन्हाळा आला, चट्टे फिकट झाले, बोटांवरचे तर दिसेनासेच झाले. पावसाळ्यात वजन इतकं उतरलं की गावाकडच्या बायका म्हणाल्या, "काऊन वं, तब्येत बिघडली काय?" आई म्हणाली, "नाई बाई. आता सुधरली." काळी मानही हळूहळू उजळत गेली, न घासता.

बोरकुटेकाकूंचं येणं त्या मेळ्यानंतर कमी झालं होतं. वाईट बाई नव्हत्या त्या. घरात तान्हा नातू होता, भीती होती. आईने दारात उभं राहून त्यांना सांगितलं होतं की हा लागणारा रोग नाही, त्यांनी "असं काय" म्हटलं होतं, आणि तेवढंच. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी आई बूट बांधत असताना त्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. पायात त्यांच्या मुलाचे मोठे बूट होते.

"थांबा बाई, मीही येते. गुडघे धरले माहे."

दोघी निघाल्या. त्या परतल्या तेव्हा मी अंगणात होते. काकू पुढे, आई मागे. आईची नजर काकूंच्या मानेवर होती. फाटकापाशी ती थांबली.

"बोरकुटेबाई, राग नका धरू. तुमी मान घासता काय?"

काकूंचा हात चटकन मानेवर गेला. "दिसते काय? किती घासली, निघतच नाई."

"निघणार नाई. तो मळ नाई." आईने त्यांचा हात मानेवरून बाजूला केला आणि स्वतःच्या हातात धरला. "माह्यासंगं गडचिरोलीले चला. एकदा तपासून घेऊ."

काकू रडवेल्या झाल्या. "मले बी तेच हाये काय?"

"असंल, नसंल. पाहून घेऊ ना. मी हाये."

त्या आठवड्यातच आम्ही गेलो. डॉक्टरीणबाईंसाठी आईने सांबारवडीचा डबा घेतला होता. त्यांनी तो टेबलावरच उघडून एक वडी खाल्ली, आईने दुसरी उचलली तर तळलेलं म्हणून तिला खाऊ दिली नाही, आणि मग नळी दिव्यावर धरली. काकूंनी डोळे गच्च मिटले होते. निळ्याचं हिरवं झालं आणि तिथेच थांबलं. "सुरुवात आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वेळेवर आलात. यांच्यासारखं चाला आणि यांच्यासारखं जेवा." गोळ्या इतक्यात नकोत म्हणाल्या. काकू बाहेर आल्या त्या देवळातून बाहेर यावं तशा.

परतीच्या एसटीत गर्दी नव्हती. मी मागच्या बाकावर, पुढे त्या दोघी. पूल ओलांडला तशी काकूंना भूक लागली. सकाळपासून धसक्याने त्यांनी काही खाल्लं नव्हतं. आईने पिशवीतून फडकं काढून मांडीवर सोडलं. ज्वारीच्या भाकरी, जवसाची चटणी, एक कांदा. थंडी सुरू झाली होती आणि आईच्या बोटांच्या सांध्यांवर पुन्हा थोडी लाली आली होती. एखाददुसरा पापुद्राही होता. तिने भाकर मोडली, चटणी ठेवली आणि मध्येच तिचा हात अडखळला. काकूंनी ते पाहिलं. त्यांनी आईच्या बोटांतून तो तुकडा घेतला, तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिल्या.

"जवसात लसूण जास्त झाला बाई."

"मंग द्या वापस," आई म्हणाली.

"देत नाई," काकू म्हणाल्या आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला.